लायब्ररी बदलण्याआधी पट्टीचा हिशेब मोकळा करा

प्रश्न : मी सांगलीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं काम करते. बेदाण्याची अडत दुकानं आणि कोल्ड स्टोअरेज यांच्यासाठी आमचं एक वेब ॲप्लिकेशन आहे. लॉटची आवक, सौद्यातले दर, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाची हिशेबचिठ्ठी), खरेदीदाराची बाकी, स्टोअरेजचं भाडं असं सगळं त्यात आहे. आमच्या सरांनी ते २०१५ साली अँग्युलरजेएस या गूगलच्या लायब्ररीत, म्हणजे वेब स्क्रीन बनवायच्या तयार कोडाच्या संचात, लिहिलं. चाळीसेक स्क्रीन आहेत. मला ते सगळं रिॲक्ट या फेसबुकच्या लायब्ररीत नव्याने लिहायचंय. सर म्हणतात, ‘चालतंय त्याला हात लावू नको.’ मी घरी बसून नवा डॅशबोर्ड केला, तो त्यांनी नीट पाहिलाही नाही. कोडात जागोजागी इतक्या विचित्र अटी आहेत की दुरुस्त करण्यापेक्षा टाकून देणं सोपं वाटतं. दुकानांतले दिवाणजी सांगतात, स्क्रीन बदलली तर आम्ही परत वहीवर जाऊ. मैत्रिणी म्हणतात, पुण्याला ये. हे काम करावं का? करायचं तर कसं? की सोडूनच द्यावं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर :

तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि सरांची भीतीही बरोबर आहे. हे दोन्ही धरून चालू, म्हणजे पुढचं बोलणं भांडणाच्या वाटेला जाणार नाही.

आधी तुमची बाजू. अँग्युलरजेएसला गूगल जो दीर्घ मुदतीचा आधार देत होतं, तो ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. एप्रिल २०२२ मध्ये १.८.३ ही एक आवृत्ती निघाली आणि तिथे ते दार बंद झालं. उद्या त्यात सुरक्षेचं एखादं भोक सापडलं, तर ते बुजवायला मूळ घरात कोणी नाही. शेतकऱ्यांची बँक खाती, व्यापाऱ्यांच्या बाक्या, कोणाचा माल कुठल्या स्टोअरेजमध्ये किती आहे, हे सगळं ज्या ॲप्लिकेशनमध्ये आहे, त्याच्यासाठी ही बारीक गोष्ट नाही. शिवाय वालचंद किंवा आरआयटी अशा इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आज बाहेर पडणाऱ्या मुलांना अँग्युलरजेएस शिकायला सांगणं अवघड आहे. तुम्ही गेलात तर सरांना दुसरं माणूस मिळायला वेळ लागेल.

आता सरांची बाजू. आधार संपला म्हणून ॲप्लिकेशन बंद पडत नाही. जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेतला जुना कोड ब्राउझर वर्षानुवर्षं निमूटपणे चालवतात. त्यामुळे ‘चालतंय ना?’ हा सरांचा प्रश्न आळसाचा नाही, धंद्याचा आहे. त्यांनी २०१५ मध्ये घेतलेला निर्णयही त्या काळाला धरून होता. रिॲक्ट तेव्हा बाहेर येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, मे २०१३ मध्ये फेसबुकने ती खुली केली. अँग्युलरजेएसची पुढची आवृत्ती, अँग्युलर २, येणार हे जाहीर झालं होतं, पण ते प्रत्यक्ष आलं सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि आलं ते मुळापासून नवीन. नाव सारखं, आत सगळं वेगळं. ज्यांनी अँग्युलरजेएसवर काम उभं केलं होतं त्यांची वाट तिथे तुटली, त्यात सरांचा काही दोष नव्हता. हे त्यांना एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या. तुम्ही ‘जुना कोड टाकून देऊ’ म्हणता तेव्हा त्यांना दुसरंच काही ऐकू येत असणार.

तर काम करावं. पण सगळं टाकून नव्याने लिहायचं, हे मात्र करू नका.

नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण जुनं आहे, तरी अजून लागू पडतं. त्यांचा चार क्रमांकाचा ब्राउझर १९९७ मध्ये आला. पुढचा, म्हणजे सहा क्रमांकाचा, आला नोव्हेंबर २००० मध्ये. पाच क्रमांक कधी बाहेर पडलाच नाही, कारण मधेच जुना कोड बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली. त्या तीन वर्षांत मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने बाजार घेतला. त्यांच्याकडे पैसा होता, माणसं होती. तुमच्याकडे तुम्ही, सर आणि अजून एखाददुसरं कोणी. चाळीस स्क्रीन नव्याने लिहिताना ग्राहकांचे फोन थांबणार नाहीत. भाड्याचा दर बदलला, पट्टीवर एक रकाना वाढवा, करात बदल झाला. प्रत्येक बदल जुन्यातही करायचा आणि अर्धवट नव्यातही. सहा महिन्यांत दोन्हीकडे धाप लागते, आणि मग नवं अर्धवट राहतं. असे अर्धे राहिलेले प्रकल्प मी पाहिलेत. तिथे कोणाची हुशारी कमी पडली नव्हती, कामाची मांडणीच तशी होती.

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. त्या चाळीस स्क्रीनमध्ये मोलाचं जे आहे ते अँग्युलरजेएस नाही, आणि उद्या ते रिॲक्टही नसणार. मोलाचा आहे तो हिशेब. वजनातून तूट कशी काढायची, हमाली बॉक्सवर की वजनावर, स्टोअरेजचं भाडं महिना पुरा धरून की दिवसांवर, रक्कम कुठे पूर्ण रुपयात करायची. हे नियम आज कंट्रोलरमध्ये (स्क्रीनमागचा कोड), टेम्प्लेटमध्ये (स्क्रीनची मांडणी), वॉचमध्ये (एखादा आकडा बदलला की आपोआप चालणारा कोड) असे मिसळून गेलेत की लायब्ररीला हात लावला की हिशेबाला धक्का बसतो. म्हणून सर घाबरतात. तुमचं पहिलं काम रिॲक्ट आणणं नाही. पहिलं काम हिशेब लायब्ररीतून मोकळा करणं. तो एकदा मोकळा झाला की वरची स्क्रीन कशात लिहायची हा दुय्यम प्रश्न उरतो, आणि दहा वर्षांनी पुन्हा ही वेळ आली तरी एवढी भीती वाटणार नाही.

ज्या ‘विचित्र अटी’ तुम्हाला टाकून द्याव्याशा वाटतात, त्यांच्याबद्दल थोडं सांगते. एखाद्या स्टोअरेजसाठीच वेगळी बेरीज, एखाद्या दुकानासाठीच रक्कम पूर्ण रुपयात करायची वेगळी पद्धत, एका विशिष्ट तारखेआधीच्या लॉटना वेगळा दर. अशी प्रत्येक अट म्हणजे बहुधा कधीतरी संध्याकाळी आलेला एक फोन आहे. कोणीतरी सरांना सांगितलं, ‘आमच्याकडे असं चालत नाही,’ आणि सरांनी दोन ओळी घातल्या. कुठे लिहून ठेवलं नाही. आज तो नियम फक्त त्या दोन ओळींतच जिवंत आहे. त्यातल्या काही खरोखर कालबाह्य असतील. कोणत्या, ते कोड वाचून कळत नाही. माणसाला विचारावं लागतं.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करा. कोऱ्या लॅपटॉपवर जुनं ॲप्लिकेशन आज बिल्ड होतं का, म्हणजे कोडापासून चालवण्याजोगं तयार होतं का, ते बघा. त्या काळच्या प्रकल्पांत त्यासाठी गल्प ३ आणि बोअर ही साधनं असायची. गल्प ज्यावर चालतं त्या नोडच्या १२ व्या आवृत्तीवर गल्प ३ चालत नाही, ‘प्रायमॉर्डियल्स इज नॉट डिफाइन्ड’ असं म्हणून मोडतो. बरेच ठिकाणी बिल्ड फक्त एका जुन्या मशीनवर होतं आणि ते मशीन कोपऱ्यात धूळ खात असतं. ते बंद पडायच्या आत नोडची नेमकी आवृत्ती आणि सगळी पॅकेजेस एका जागी बांधून ठेवा. आणि ती जागा तळमजल्यावरचं ऑफिस नसावी. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना याहून जास्त सांगायला नको.

मग पट्टीचा कंट्रोलर उघडा. त्यात स्कोपवर (स्क्रीनला माहिती पुरवणाऱ्या वस्तूवर) लटकलेलं एखादं फंक्शन असेल, जे वजन, दर, हमाली, तोलाई आणि बाकीच्या कपाती घेऊन निव्वळ रक्कम काढतं. ते उचलून वेगळ्या फाइलमध्ये न्या. त्याला स्कोप माहीत नको, स्क्रीन माहीत नको, सर्व्हर माहीत नको. आकडे आत जातील, आकडे बाहेर येतील, एवढंच. जुन्या कंट्रोलरला ते फंक्शन वापरायला लावा आणि तसंच ग्राहकाकडे पाठवा. ॲप्लिकेशन अजून पूर्ण अँग्युलरजेएसच आहे, दिवाणजींना काहीही कळलेलं नाही, पण एक नियम सुटला.

सगळे नियम इतक्या सहज सुटणार नाहीत. सगळ्यात त्रास देतील ते वॉच. वजन बदललं की एक वॉच ढोबळ रक्कम बदलतो, ढोबळ रक्कम बदलली की दुसरा वॉच कपात बदलतो, कपात बदलली की तिसरा निव्वळ रक्कम. अँग्युलरजेएस काही बदलायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत राहतं, दहा फेऱ्यांत थांबलं नाही तर त्रुटी दाखवतं. म्हणजे हिशेबाचा क्रम कोणी लिहिलेलाच नाही, तो फेऱ्यांमधून आपोआप जमून येतो. हे रिॲक्टमध्ये नेताना लोक प्रत्येक वॉचच्या जागी एक यूजइफेक्ट (स्क्रीन रंगवून झाल्यावर चालणारा कोड) ठेवतात. तसं अजिबात करू नका. मधल्या एखाद्या क्षणी स्क्रीनवर जुनी कपात आणि नवी रक्कम शेजारी दिसते, आणि चूक शोधताना डोकं फिरतं. कागदावर क्रम मांडा, एका फंक्शनमध्ये वरून खाली लिहा, आणि वजन किंवा दर बदलला की ते पूर्ण पुन्हा चालवा. निव्वळ रक्कम स्टेटमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या आठवणीत, साठवायची गरजच नाही, ती दरवेळी काढता येते.

आता ज्याने सरांचं मन वळेल, ते. तुमच्या डेटाबेसमध्ये मागच्या हंगामांतल्या हजारो पट्ट्या पडून आहेत. प्रत्येक पट्टीचं वजन, दर, तारीख, दुकान, स्टोअरेज सुट्या केलेल्या फंक्शनला द्या, आणि आलेली रक्कम छापलेल्या रकमेशी पैशापर्यंत ताडून पाहा. दर मात्र त्या तारखेचे घ्या, आजचे नाही, नाहीतर हमाली वाढलेली प्रत्येक पट्टी चुकीची दिसेल. ज्या जुळतील त्या बाजूला ठेवा. न जुळणाऱ्या पट्ट्यांची यादी हे तुमच्या हातातलं सगळ्यात किमती कागदपत्र आहे. तुम्हाला माहीत नसलेला प्रत्येक नियम त्या यादीत लपलाय. ती घेऊन सरांकडे बसा. डॅशबोर्ड त्यांनी नीट पाहिला नाही, कारण तो कोणी मागितलाच नव्हता. पण ‘सर, तासगावच्या या दुकानाच्या पट्ट्या काही पैशांनी का चुकतात?’ असं विचारलंत, तर ते खुर्ची ओढून बसतील. त्यांना ते आठवत असेल, आणि सांगायलाही आवडेल. उत्तर आलं की त्याच दिवशी चाचणीत (हिशेब आपोआप तपासणाऱ्या कोडात) लिहून ठेवा, शेजारी मराठीत एक ओळ कारण लिहा.

या तुलनेत काही नेहमीचे सापळे निघतील. मुख्य इथेच सांगते, कारण लायब्ररी बदलताना चुका बहुतेक अशाच कोपऱ्यांत होतात.

एक राउंडिंगचा, म्हणजे दशांश तोडून रक्कम पूर्ण करण्याचा. जावास्क्रिप्टमध्ये १.००५ ला टूफिक्स्ड या फंक्शनने दोन दशांश स्थळांपर्यंत आणलं तर १.०१ येत नाही, १.०० येतं, कारण तो आकडा आत द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही. नव्या कोडात पैसे पूर्णांकात, म्हणजे पैशांतच, ठेवणं चांगलं. पण जुन्या पट्टीवर जर १.०० छापलं गेलं असेल, तर स्थलांतराच्या काळात नव्यानेही १.०० च दिलं पाहिजे. जुनी चूक सापडली तर वहीत नोंदवा, तशीच पुढे न्या, आणि नंतर ग्राहकाला सांगून स्वतंत्रपणे दुरुस्त करा. जागा बदलणं आणि नियम बदलणं एकाच दिवशी केलं, की फरक कशामुळे पडला ते कोणालाच सांगता येत नाही.

दुसरा तारखेचा, आणि हा खरा घातक. १ एप्रिलची मध्यरात्र आपल्या वेळेनुसार घेऊन तिला टूआयएसओस्ट्रिंग (तारखेचा मजकूर करणारं फंक्शन) लावलं, की ती ३१ मार्चच्या संध्याकाळची साडेसहाची जागतिक वेळ होते. त्या मजकुराची पहिली दहा अक्षरं कापून सर्व्हरला पाठवली, की नव्या आर्थिक वर्षातली पहिली पट्टी मागच्या वर्षात जाऊन बसते. जुन्या कोडात कोणीतरी हे कुठेतरी सांभाळलेलं असतं, नव्यात ते विसरलं जातं. तारीख लागते तिथे तारीखच पाठवा, वेळ जोडू नका.

तुमच्याकडे मोमेंट ही तारखांची लायब्ररी असणार असं धरून चालते. तिच्या कर्त्यांनीच २०२० मध्ये सांगितलं की यापुढे फक्त देखभाल, नवीन काही नाही. म्हणून ती काढायचा मोह होईल. काढा, पण नंतर. मोमेंटमध्ये तारखेत दिवस मिळवले की तीच तारीख बदलते. तिच्या जागी घेतात त्या डेजेएसमध्ये नवी तारीख मिळते, जुनी तशीच राहते. फंक्शनचं नाव तेच, लिहायची पद्धत तीच, त्यामुळे कोड चालतो, त्रुटी येत नाही, आणि पैसे देण्याची मुदत मात्र सौद्याच्याच दिवसावर अडकून बसते.

आकड्यांच्या मांडणीतही एक गंमतीशीर वाटणारी पण त्रासाची गोष्ट आहे. लाख-हजाराचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने हवे असतील तर ब्राउझरमधलं इंटल हे आकडे मांडायचं साधन वापरता येतं. तिथे मराठी लोकेल (भाषेची खूण) दिलं की आकडे देवनागरी येतात. पट्टीवर ते शोभतील, काही शेतकऱ्यांना आवडतीलही. पण तोच मजकूर पुन्हा कोडात आकडा म्हणून वाचायला गेलात, किंवा दिवाणजींनी तो एक्सेलमध्ये चिकटवला, की घोटाळा. जावास्क्रिप्टचं नंबर हे फंक्शन देवनागरी आकडे वाचत नाही. दाखवायची रक्कम आणि मोजायची रक्कम कधी एक करू नका.

आणि एक खास रिॲक्टचं. अँग्युलरजेएसमध्ये लॉटच्या यादीत नवा लॉट ढकलला की स्क्रीन आपोआप बदलते. रिॲक्टमध्ये त्याच यादीत ढकलून तीच यादी परत दिली, तर तिला वाटतं काही बदललंच नाही, कारण ती यादीची ओळख बघते, आतला माल बघत नाही. नवी यादी करून द्यावी लागते. अँग्युलरजेएसच्या सवयीतून आलेल्यांचा पहिला महिना यातच जातो.

जुनं आणि नवं एकत्र कसं चालवायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असणार. दोन वाटा आहेत. एक, जुन्या पानातच एक डायरेक्टिव्ह (अँग्युलरजेएसमधला स्वतंत्र भाग) करून त्यात रिॲक्टचा तुकडा बसवायचा. होतं, पण डायरेक्टिव्ह नष्ट होताना रिॲक्टचा तो भाग मोडायला विसरलात तर दिवसभर उघड्या राहणाऱ्या दुकानातल्या संगणकावर मेमरी फुगत जाते. मला दुसरी वाट जास्त पसंत आहे : पूर्ण स्क्रीन नवी, तिचा पत्ताही वेगळा. इथे एक लक्षात घ्या. अँग्युलरजेएसचे पत्ते बहुतेक हॅशच्या (#) चिन्हापुढे असतात, आणि हॅशपुढचा भाग सर्व्हरपर्यंत कधी जातच नाही. त्यामुळे ‘हा पत्ता आला तर नव्याकडे पाठव’ असं एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरला सांगता येणार नाही. नव्या स्क्रीनना हॅशशिवायचा स्वतंत्र मार्ग द्या, जुन्या मेनूतला दुवा तिकडे वळवा. डोमेन तेच राहिलं की लॉगिनची माहिती दोघांनाही मिळते, पुन्हा पासवर्ड विचारावा लागत नाही. आणि कुठल्या ग्राहकाला कुठली स्क्रीन दिसते ते एका खुणेने ठरू द्या, म्हणजे फोन आला की एका मिनिटात जुनी परत देता येईल. ही सोय पहिल्या दिवसापासून हवी.

पहिली स्क्रीन कोणती घ्यायची? फक्त वाचायची एखादी. स्टोअरेजमधल्या शिल्लक मालाचं पत्रक चालेल. त्यातून काही लिहिलं जात नाही, त्यामुळे चुकलं तरी डेटा बिघडत नाही, आणि रोज बघितली जात असल्याने चूक लगेच कळते. मग शेतकरी आणि खरेदीदारांच्या नोंदी, मग आवक. पट्टी सगळ्यात शेवटी. आणि ती ग्राहकाला द्यायची वेळ तुमच्या बाजारानेच ठरवून ठेवलीय. दिवाळीच्या सुमारास सांगली-तासगावचे बेदाण्याचे सौदे हिशेब मिटवण्यासाठी काही आठवडे बंद असतात. नवी पट्टी तेव्हा द्या. फेब्रुवारी-मार्चपासून नवा माल यायला लागला की मे पर्यंत पट्टीला हातही लावू नका, कितीही तयार वाटली तरी. दिवाळीला नवी पट्टी देण्याआधी काही आठवडे पट्टी जुन्याच स्क्रीनवरून छापू द्या आणि नवा कोड मागे गुपचूप तोच हिशेब करून फरक नोंदवू दे.

दिवाणजींबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत. मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. ‘वहीवर जाऊ’ हा हट्ट नाही. त्यांचा हात की-बोर्डवर असतो, डोळे कच्च्या चिठ्ठीवर. वजन, एन्टर, दर, एन्टर. स्क्रीनकडे ते बघतही नाहीत. नव्या स्क्रीनवर एन्टरने पुढच्या चौकटीत जाण्याऐवजी फॉर्म सेव्ह झाला, तर पहिल्या दहा मिनिटांत तुमचं सगळं काम वाया. सौद्याच्या दिवशी वसंतदादा मार्केट यार्डातल्या एखाद्या ग्राहकाच्या दुकानात जाऊन बसा. काही विचारू नका, फक्त बघा. कोणती कळ कशासाठी दाबतात, कुठे मागे येतात, वीज गेल्यावर अर्धवट नोंदीचं काय करतात, सगळं लिहून आणा. आकड्याच्या चौकटीला नंबर हा प्रकार देऊ नका. तिथे फोकस असताना माउसचं चाक चुकून फिरलं तरी दर बदलतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. साधी मजकुराची चौकट ठेवा, आत आकडे तपासा. रंग, कोपरे, ॲनिमेशन हे सगळं आहे तसंच राहू द्या. नवी स्क्रीन जितकी जुन्यासारखी दिसेल तितकं तुमचं काम चांगलं झालं. हे मन मारून करावं लागतं, मला ठाऊक आहे. सुंदर काही करावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण ते स्थलांतर पूर्ण झाल्यावर, दिवाणजींना विचारून.

रिॲक्ट की अजून काही? कोरी पाटी असती तर मी व्ह्यू ही तशीच दुसरी लायब्ररी सुचवली असती. तिच्या कर्त्याने गूगलमध्ये अँग्युलरजेएसवर काम करूनच ती २०१४ मध्ये काढली, टेम्प्लेटची पद्धत तुमच्या जुन्या कोडाला जवळची आहे, सरांनाही ती वाचता येईल. तक्ते आणि फॉर्म यांच्या कामाला ती छान बसते. पण तुम्हाला रिॲक्ट येत असेल आणि पुढे माणूस मिळणं महत्त्वाचं वाटत असेल तर रिॲक्टच घ्या. हिशेब मोकळा झालेला असेल तर या निवडीने फार बिघडत नाही. फक्त नवीन प्रकल्प क्रिएट-रिॲक्ट-ॲप या रिॲक्टचा सांगाडा उभारून देणाऱ्या साधनाने सुरू करू नका, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते मोडीत काढल्याचं जाहीर झालंय. त्याऐवजी व्हीट हे साधन घ्या. आणि कोड एआयकडून रूपांतरित करून घ्यायचा असेल तर घ्या, स्क्रीनची कंटाळवाणी कामं तो लवकर उरकतो. पण सरांच्या त्या दोन ओळींमागचा फोन त्याला माहीत नाही. जुन्या पट्ट्यांवर तपासल्याशिवाय त्याची एक ओळही पुढे जाऊ देऊ नका, आणि ग्राहकांचा खरा डेटा त्याला चिकटवू नका.

सरांकडे परवानगी मागताना ‘रिॲक्टमध्ये करू का’ असं विचारू नका. एवढंच मागा : आठवड्यातला एक दिवस पट्टीचा हिशेब वेगळा काढून जुन्या पट्ट्यांवर तपासायला, आणि त्यांच्याकडून न जुळलेल्या पट्ट्यांसाठी अर्धा तास. रिॲक्ट पुढे आलीच नाही तरी यात कंपनीचा फायदा आहे, आणि हे सरांना लगेच दिसेल. दोन-तीन महिन्यांनी शिल्लक पत्रकाची गोष्ट काढा. तेव्हाही ‘नको’ म्हणाले, तर ते ‘नको’ कशाला आहे ते नीट ऐका. पैसे? वेळ? की आपलं केलेलं मागे पडेल ही रुखरुख? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, आणि तिसऱ्याचं उत्तर कोडाने देता येत नाही.

पुण्याचं. तो निर्णय या कामावर टांगून ठेवू नका. घर, पगार, शिकायला मिळणं, आई-वडील, यावर तो ठरवा. सांगलीत राहून चांगलं काम होत नाही असं मला वाटत नाही. चालू धंद्याच्या खालून सॉफ्टवेअर बदलणं हे पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांतही फार थोड्यांच्या वाट्याला येतं. पण जायचं मनात पक्कं असेल, तर पट्टीची नवी स्क्रीन सुरू करून अर्ध्यावर सोडू नका. मोकळं केलेलं हिशेबाचं फंक्शन, त्याच्या चाचण्या आणि प्रत्येक विचित्र अटीशेजारी सरांनी सांगितलेलं कारण, एवढं पूर्ण करून हातात द्या. राहायचं ठरलं, तर या आठवड्यात एकाच दुकानाच्या मागच्या हंगामातल्या पट्ट्या काढून तपासायला घ्या. किती जुळल्या आणि कोणत्या अडल्या ते मला कळवा, अडलेल्यांवर आपण इथेच पुढे बोलू.